पगार वाढला, पण पुरला का?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या व्याख्यानाला विषय कोणता घेणार, असे समितीने विचारले तेव्हा आम्ही महागाई आणि घरखर्च असे सांगितले. दोघातिघांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. वर्धापनदिनाला धम्मावर बोलावे, तूरडाळीच्या भावावर काय बोलायचे, असा एकंदर भाव होता. पण भगवान बुद्धांनी गृहस्थांना केलेला उपदेश काढून बघा, त्यात घरखर्च जागोजाग आहे. दीघजाणु नावाचा एक कोलिय गृहस्थ तथागतांकडे आला आणि म्हणाला, आम्ही बायकामुलांत राहणारी, संसारात गुंतलेली माणसे, आम्हाला उपयोगी पडेल असे काही सांगा. त्याला तथागतांनी ध्यानाचे पाठ दिले नाहीत. कष्टाने मिळवणे, मिळवलेले सांभाळणे, चांगल्या माणसांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे, अशा चार गोष्टी सांगितल्या. तराजू धरणारा जसा कोणते पारडे किती खाली गेले ते ओळखतो, तसे गृहस्थाने आपले जमा-खर्च ओळखावे, हा दृष्टान्त तिथलाच आहे. सिगालाला तर मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग संसाराला, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा.

आता हा हिशेब आपल्या वस्तीतल्या एखाद्या घराला लावून बघा. मुलगा सिक्युरिटीच्या नोकरीत आहे, बारा तासांची ड्यूटी. पगार हातात पडतो दहा तारखेच्या पुढे, आणि पुढच्या महिन्याची पहिली तारीख दिसायच्या आत वाण्याची वही पुन्हा उघडलेली असते. चार भाग कुठले करणार? सगळे चारही भाग पहिल्याच भागात जिरतात.

अशा घराला आपले प्रवचनकार सांगतात, काटकसर करा, व्यसन सोडा, लग्नात उधळू नका. सांगणे खोटे नाही. आम्हीही सांगतो. पण दरवेळी तेवढ्यावर थांबणे आम्हाला मान्य नाही. कारण त्याच त्रिपिटकात कूटदन्त सुत्तही आहे. राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या तेव्हा राजाला सल्ला मिळाला तो शिक्षेचा नव्हता. शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पोटापुरते अन्न आणि वेतन द्या, असा होता. म्हणजे वेतन पुरते की नाही हाही धम्माचाच प्रश्न झाला, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या मजुरावर टाकलेली नाही.

बाबासाहेबांनी तर या प्रश्नावर तरुणपणीच ग्रंथ लिहिला. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटात असतो, पण उघडला जात नाही, कारण अवघड वाटतो. त्याचे सार अगदी घरगुती आहे. रुपया स्थिर आहे की नाही हे परदेशी चलनाशी असलेल्या त्याच्या दरावरून ठरवू नका, बाजारात त्या रुपयाला काय येते त्यावरून ठरवा, असे ते म्हणत होते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी भावांच्या स्थैर्याचीच बाजू धरली. भाव चढतात तेव्हा माल विकणारा तरतो आणि बांधील मजुरीवर जगणारा बुडतो, हे त्यांना डबक चाळीत आणि परळच्या खोलीत राहून कळलेच होते, वेगळे शिकायची गरज नव्हती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. किमान वेतनाचे विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनीच मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला.

महागाई मोजतात कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. पहिल्या महायुद्धात भाव भडकले, मुंबईच्या गिरण्यांत मजुरीवर महागाईचा भत्ता देण्याची वेळ मालकांवर आली, आणि भाव किती वाढले यावर भांडणे सुरू झाली. कामगार म्हणणार दुप्पट, मालक म्हणणार एवढे कुठे? म्हणून कामगाराचे कुटुंब महिन्याला काय काय घेते त्याची एक टोपली ठरवायची आणि त्याच टोपलीचा भाव दर महिन्याला काढायचा, ही पद्धत आली. तिला निर्देशांक म्हणतात. आज औद्योगिक कामगारांचा निर्देशांक श्रम ब्युरो काढतो. २०१६ साल म्हणजे १०० धरलेल्या मालिकेसाठी देशातल्या ८८ केंद्रांतून, ३१७ बाजारांतून भाव गोळा होतात. डिसेंबर २०२४ चा हा आकडा १४३.७ होता. म्हणजे २०१६ साली ज्या घराचे दहा हजारांत भागत होते, त्याला २०२४ च्या अखेरीस त्याच जिनसांना चौदा हजार तीनशे सत्तर लागले. घरी गेल्यावर प्रत्येकाने हे करून बघावे. २०१६ चा आपला पगार आठवा, त्याला १.४४ ने गुणा आणि २०२४ च्या डिसेंबरात हातात काय आले त्याच्याशी ताडून बघा. जास्त आले असेल तर तुम्ही पुढे गेलात. तेवढेच असेल तर आठ वर्षे जागच्या जागी धावलात. कमी असेल तर पगार वाढूनही गरीब झालात.

मग उत्पन्न महागाईच्या बरोबरीने वाढले का? एका शब्दात उत्तर हवे असेल तर ते देता येत नाही, कारण आपल्या वस्तीत एकाच छपराखाली दोन उत्तरे राहतात.

पहिले उत्तर वडिलांचे. केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या नोकराचा, म्हणजे शिपाई, सफाई कामगार, खलाशी यांचा मूळ पगार घ्या. चौथ्या वेतन आयोगाने १९८६ साली तो ७५० रुपये केला. पाचव्याने १९९६ पासून २,५५० केला, सहाव्याने २००६ पासून ७,०००, सातव्याने २०१६ पासून १८,०००. तीस वर्षांत चोवीसपट. याच तीस वर्षांत निर्देशांक किती वाढला? जुन्या-नव्या मालिका एकमेकींना जोडून हिशेब केला तर साधारण दहापट. अहो, ही काही लहान गोष्ट नाही. भाव दहापट आणि पगार चोवीसपट. आणि दोन आयोगांच्या मधल्या वर्षांतही माणूस उघड्यावर नव्हता, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा महागाई भत्ता चढत होता. जुलै २०२५ पासून तो मूळ पगाराच्या ५८ टक्के झाला.

रेल्वे, पोस्ट, गोदी, महापालिका, बेस्ट, बँका, शाळा. आपल्या समाजात जी घरे वर आली ती बहुतेक या दारांतून आली. राखीव जागांमुळे नोकरी मिळाली हे आपण नेहमी बोलतो, पण त्या नोकरीबरोबर महागाई भत्ता आला हे बोलत नाही. आमच्या मते दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी होती. शिपायाच्या पगारात मुलगी डॉक्टर झाली, ती या भत्त्याच्या जोरावर. पोरगी बारावीत असताना भाव भडकले तरी बापाचा पगार मागोमाग चढत होता, म्हणून तिला शिक्षण सोडावे लागले नाही.

याच्या आधीची पिढी गिरणीतली. तिथे मुंबईच्या निर्देशांकाला बांधलेला महागाई भत्ता होता, पण आपल्या माणसांची सुरुवातच खालच्या पायरीवरून होती. साच्याच्या खात्यात मजुरी जास्त. पण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा बाटतो म्हणून आपल्या लोकांना तिथे उभे करत नसत. रिंग खात्यात कमी मजुरीवर ठेवत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तेव्हा महागाईच्या बरोबरीने मजुरी वाढली की नाही, एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या पायरीवरून वाढली हेही विचारावे लागते. कमी मजुरी महागाईच्या अगदी बरोबरीने वाढली तरी ती कमीच राहते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तो भत्ताही गेला.

आता दुसरे उत्तर, मुलाचे. वडील ज्या कचेरीत कायम सफाई कामगार होते, त्याच प्रकारच्या कचेरीत मुलगा कंत्राटदाराकडून कामाला जातो. झाडू तोच, वेळ तीच, गणवेशाचा रंग तेवढा वेगळा. पगार एकरकमी. चिठ्ठीवर महागाई भत्त्याचे कलम नाही. पुष्कळदा चिठ्ठीच नाही. कंत्राट तीन वर्षांनी बदलले की नवा कंत्राटदार त्याला नवा माणूस समजतो आणि मागची वाढ पुसली जाते. अशा माणसाचा पगार महागाईच्या मागे धावेल कसा? त्याला धावायला पायच दिलेले नाहीत. यातून न्यायालयात लढून बाहेर पडलेलेही आहेत. मुंबई महापालिकेतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला, त्यामागे कामगारांची संघटना होती आणि वर्षानुवर्षांचे कागद होते. पण तसे निवाडे बोटांवर मोजण्याइतके.

घरकामाला जाणाऱ्या भगिनींचे तर काय सांगावे! त्यांचा निर्देशांक म्हणजे बाईसाहेबांची मर्जी. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी आम्हाला विचारले, "भाऊ, तुमचा तो सिमल्याचा आकडा आमच्या बाईंना कोण सांगनार?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

पेन्शनचीही तीच गत. सरकारी निवृत्तांच्या पेन्शनवर महागाई मिळते. खाजगी कारखान्यातल्या माणसाला १९९५ च्या योजनेतून पेन्शन मिळते, तिच्यावर महागाई नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये ठरले. पुढे दहा वर्षे उलटली तरी आकडा हजारच राहिला. निर्देशांकाने भागून पाहिले तर २०१४ च्या भावाने त्या हजाराची किंमत २०२४ अखेरीस सहाशेच्या जवळपास उरली होती. कोणी कापून घेतले नाहीत, नुसत्या महागाईने चारशे रुपये खाल्ले. आणि माणूस म्हणतो, मला हजार रुपये पेन्शन आहे.

काही जण म्हणतील, आकडे काही म्हणोत, आपण पूर्वीपेक्षा बरे राहतो. खरे आहे. पंखा आहे, टीव्ही आहे, पोरांच्या पायांत बूट आहेत. आमच्या आजोबांच्या पायांत काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. पण निर्देशांकाची टोपली कशी बदलली ते बघा. १९८२ च्या मालिकेत शंभर रुपये खर्चातले ५७ रुपये खाण्यापिण्याचे धरले होते. २००१ च्या मालिकेत ४६ आणि २०१६ च्या मालिकेत ३९. ज्यात शिक्षण, औषधपाणी, प्रवास असे सगळे येते तो संकीर्ण खर्च २००१ ते २०१६ या काळात २३ वरून ३० वर गेला. खाण्याचा वाटा घटणे हे सुबत्तेचे लक्षण मानतात, आणि काही अंशी ते आहेही. पण आपल्या वस्तीत त्याला दुसरी बाजू आहे. खाण्याला कात्री लागते कारण फी थांबत नाही.

कांद्यावर वर्तमानपत्रे ओरडतात. तूरडाळ २०१५ च्या ऑक्टोबरात किलोला दोनशेच्या वर गेली तेव्हा केवढा गहजब झाला. पण कांदा चढतो तसा उतरतो. डाळ महाग झाली तर चार महिने बाई पातळ वरण करते, मसूर आणते, निभावते. शाळेची फी एकदा चढली की उतरलेली कोणी पाहिली आहे? खोलीचे भाडे अकरा महिन्यांनी वाढते, कमी होत नाही. क्लासची फी, बसचा पास, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्या, यांत पातळ वरणासारखी युक्ती चालत नाही. पूर्वी यातले पुष्कळ काही नोकरीबरोबर किंवा महापालिकेकडून मिळत होते. शाळा महापालिकेची, दवाखाना कामगार विम्याचा, क्वार्टर रेल्वेचे. ते पगारात दिसत नव्हते, पण पगारच होता. तो गेला त्याची नोंद कुठल्याच चिठ्ठीवर झाली नाही.

किमान वेतन कसे ठरवावे याचे माप १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरले. कामगार, बायको आणि दोन मुले मिळून तीन खाणारी माणसे धरली. मोठ्या माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि वर इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी २० टक्के. शाळा त्यात नव्हती, आजारपण नव्हते. ते यायला १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यावा लागला, त्याने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी २५ टक्के वाढवायला सांगितले. पण म्हातारे आई-वडील खाणाऱ्यांत अजूनही मोजलेले नाहीत. आता सांगा, आपल्यापैकी कोणाच्या घरात आई-वडील जेवत नाहीत? आणि त्या तीन माणसांत बायको पूर्ण एक धरलेली नाही, कमी धरली आहे. पहाटे चारला पाण्याला उठणारी बाई नवऱ्यापेक्षा कमी खाते असे त्या कागदाचे म्हणणे. खाते खरी कमी, पण ती का, हे तिला विचारावे.

घराचे उत्पन्न असे जे म्हणतात त्यातही एक फसगत आहे. पुष्कळ घरे सांगतात, आमचे भागते की! भागते कारण एकाच्या जागी तिघे कमावतात. आपल्या आयाबहिणी पूर्वीही कामाला जातच होत्या, घरी बसून खाणारी बाई आपल्यात कधी नव्हती. तिसरा कमावता मात्र नवा आहे, आणि तो कोण? दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून पार्सल पोचवायला निघालेला मुलगा. घराचे उत्पन्न महागाईच्या बरोबरीने राहिले, कागदावर काही बिघडलेले दिसत नाही. पण ते राखण्यासाठी त्या पोराची पदवी मोडून खाल्ली. बाबासाहेबांच्या समाजाला हा सौदा सगळ्यात महाग पडणारा आहे.

यात सरकारी आकडेही हातभार लावतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३-१४ पासून अडीच लाख रुपये झाली. २०२१ ते २०२६ या काळासाठी सुधारलेल्या योजनेतही ती अडीच लाखच राहिली. महिन्याला वीस हजार आठशे. महागाईचा हिशेब धरला तर २०१३ च्या अडीच लाखांना २०२४ साली सव्वाचार लाखांच्या आसपास व्हायला हवे होते. म्हणजे ज्याचा पगार नुसता महागाईइतका वाढला, जो तसूभरही श्रीमंत झाला नाही, तो मर्यादेच्या वर गेला आणि मुलाची शिष्यवृत्ती गेली. पगाराला महागाई लागते, मग मर्यादेला का लागू नये? ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत पहिल्या ओळीत असायला हवी. आपण ती पुतळ्याच्या आणि कमानीच्या मागणीखाली, सहाव्या-सातव्या क्रमांकावर घालतो.

२०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत शहरातला अनुसूचित जातीचा माणूस महिन्याला दरडोई सरासरी ५,३०७ रुपये खर्च करतो असे निघाले, आणि राखीव वर्गांबाहेरचा माणूस ७,३३३. दुकान तेच, डाळीचा भाव तोच. रिंग खाते आणि साच्याचे खाते यांच्यातले अंतर अजून बाजारहाटाच्या पिशवीत दिसते.

लग्नातला खर्च, हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल, फायनान्सवाल्यांचे आठवड्याचे हप्ते, यांवर महिला मंडळाने मागच्या वर्षावासात चांगली चर्चा केली होती, ती आम्ही पुन्हा उगाळत नाही. एवढेच म्हणतो की कर्ज काढणारी प्रत्येक बाई उधळी नसते. पगार आणि भाव यांच्यात जी फट पडते, ती तिला कशाने तरी बुजवावी लागते.

आता कामाचे बोलू. किमान वेतनात महागाईशी जोडलेला एक भाग असतो, आपल्या राज्यात त्याला विशेष भत्ता म्हणत आले आहेत आणि तो दर सहा महिन्यांनी जाहीर होत आला आहे. सफाई, हॉटेल, दुकाने, सुरक्षा, असे कितीतरी धंदे त्याखाली येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली, तरी महागाईशी जोडलेला भाग तिच्यातही आहे. कंत्राटी कामगारालाही तो लागू आहे. कंत्राटदार देत नाही आणि आपला पोरगा मागत नाही, कारण असे काही असते हेच त्याला ठाऊक नाही. वडिलांना ठाऊक असते, पण बापलेकांत पगारावर बोलणे होत नाही. बाप म्हणतो पोरगा उधळा आहे, पोरगा म्हणतो तुमचा काळ वेगळा होता. दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर भांडण निम्मे मिटेल.

म्हणून समितीच्या परवानगीने आम्ही असे ठरवले आहे. आमच्यापैकी चौघांची हयात कचेरीत पगारपत्रके लिहिण्यात गेली, तेवढी विद्या अंगात आहे. येत्या रविवारपासून, सकाळच्या वंदनेनंतर, आम्ही विहाराच्या वाचनालयात बसू. ज्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी आहे त्यांनी ती आणावी. चिठ्ठी नसेल तर बँकेचे पासबुक आणावे, तेही नसेल तर हजेरीचे कार्ड आणि गेल्या तीन महिन्यांत हातात काय पडले तो आकडा आणावा. घरकाम करणाऱ्या भगिनींनी नुसते यावे. धंद्याप्रमाणे दर काय आहे ते आम्ही काढून ठेवू आणि ज्याला कमी मिळते त्याचा अर्ज तिथेच लिहून देऊ. कोणाचे नाव बाहेर जाणार नाही. मुलांनी येताना वडिलांना बरोबर आणले तर बरे, वडिलांनी आपली जुनी चिठ्ठी ठेवली असेल तर तीही आणावी.

जयभीम.